पत्रिकेतलं काळं

विहीणबाईंनी पिशवीतून आधी पानाचा डबा काढला, मग रुमाल, मग भिंग. तिन्ही आमच्या काउंटरवर ओळीने मांडली आणि त्यांच्यापुढे ठेवली माझ्याच मुलीच्या लग्नाची पत्रिका.

"बघा," म्हणाल्या.

"काय बघायचं?" मी म्हटलं. "सगळी वाचून घेतलीय. तुमच्याकडची नावंसुद्धा बरोबर आहेत, मामांचा क्रम तुम्ही तीनदा फिरवलात तरी."

"वाचायचं नाही. भिंगातून बघा."

या लातूरच्या इंदुमती बोत्रे. माझं शेंडेफळ, मोहिनी, त्यांच्या घरी द्यायचं ठरलं होतं. आता मोहिनीचा मुलगा मिशा कोरून घेतो, म्हणजे गोष्ट किती जुनी ते समजा. त्या दिवशी बाई काही न कळवता सकाळच्या एस.टी.ने बार्शीत उतरल्या आणि सरळ आमच्या प्रेसमध्ये येऊन बसल्या. लग्नसराई होती. बाकावर एक जोडपं मुलीच्या पत्रिकेचे नमुने चाळत बसलेलं. बाईंनी खुर्ची अशी ओढून घेतली, की आपलं बोलणं बाकापर्यंत पोचावं.

आमच्या प्रेसबद्दल एक सांगायला पाहिजे. बाहेर पाटी होती, माझ्या मालकांनी, म्हणजे मोहिनीच्या वडिलांनी, स्वतःच्या हाताने रंगवलेली: 'माळवदे प्रेस. लग्नपत्रिकेत काळ्या शाईचा थेंबही नाही.' आमच्या भागात शुभकार्याचा कागद काळ्या अक्षरांत आला, तर म्हातारी माणसं हातात घेत नाहीत. काळं म्हणजे दहाव्या-तेराव्याचं पत्र. बाकीचे प्रेसवाले मुहूर्त आणि पत्ता हळूच काळ्यात उरकायचे. आमच्याकडे सगळं कुंकवाच्या रंगात. मालक गेले, छपाईचे शिशाचे खिळे गेले, पायाचं मशीन भंगारात गेलं, कॉम्प्युटर आला, रंगीत प्रिंटर आला. पाटी तीच राहिली. गिऱ्हाईक पाटी वाचून आत यायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण ती एक ओळ मी मोठमोठ्या लोकांना तोंडावर ऐकवली आहे.

इंदुमतीबाईंनाही ऐकवली होती. सुपारीला लातूरला गेलो, तेव्हा त्यांच्या भिंतीला त्यांच्या भाचीची पत्रिका टाचलेली होती, अक्षरं काळी. मी पाहुण्यांच्या घोळक्यात विचारलं, तेरावं कुणाचं आहे? लोक हसले. बाई हसल्या नाहीत. बाई तसल्या गोष्टी जपून ठेवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तर मी भिंग उचललं. पत्रिकेवरचा गणपती, त्याच्या मागचं डाळिंबी मखर, कडेची वेलबुट्टी. नुसत्या डोळ्यांना पिकल्या डाळिंबासारखा तो गडद लाल. भिंगाखाली तो लाल नव्हताच. सगळे ठिपके. गुलाबी ठिपके, पिवळे ठिपके, मधूनच निळे. आणि त्यांच्यामध्ये, रांगोळीवर मोहरी सांडावी तसे, काळे.

"दिसले?"

"धूळ बसली असेल," मी म्हटलं.

"धूळ इतकी रांगेत बसते?" बाईंनी पान जुळवायला घेतलं. "चार रंगांचे ठिपके आहेत विहीणबाई. चौथा काळा."

बाकावरच्या जोडप्याने नमुने मिटले. माझी सून वृषाली तेवढ्यात कागदाच्या रिमांमागे काहीतरी शोधायला गेली आणि बराच वेळ शोधत राहिली. मी जोडप्याला चहा सांगितला आणि म्हटलं, सोयरीक नवीन आहे, चेष्टा-मस्करी चालायचीच. त्यांनी चहा घेतला, पण नमुने पुन्हा उघडले नाहीत.

मुलीकडचं प्रेस, म्हणून दोन्ही घरच्या पत्रिका आम्हीच छापून द्यायच्या असं ठरलं होतं. बाईंनी आता आवाज न चढवता सांगितलं, की या पत्रिका त्या नेणार नाहीत. पहिली पत्रिका तुळजापूरला देवीपुढे ठेवायची असते, देवीपुढे काळं ठेवणार नाहीत. दुसऱ्या छापा. पण रंग हाच पाहिजे, अगदी हाच, कारण नवरदेवाचा फेटा या पत्रिकेवर लावून रंगवून घेतलाय. शुक्रवारी त्या परत येतील.

"आणि शुक्रवारी नाही झाल्या तर?"

"तर लातूरला छापून घेऊ. तुमच्यावर भार नको."

किती गोड आवाजात म्हणाल्या. माळवद्यांच्या मुलीची पत्रिका दुसऱ्याच्या प्रेसमधून येणार. बार्शीत हे कळलं, की मालकांची पाटी मी माझ्या हाताने उतरवायची आणि बंबात घालायची. आणि माझी मोहिनी त्या घरात पहिलं पाऊल टाकणार ते हे ऐकत.

बाई एस.टी.ला गेल्या. मी वृषालीला हाक मारली. माझा थोरला, दिगंबर, प्रिंटरमागून हळूच बाहेर सटकत होता, त्यालाही थांबवलं.

वृषालीने मला हे आधी सांगितलं नव्हतं असं नाही. ती पुण्याला कॉम्प्युटरवर छपाईचं शिकून आली होती, आणि लग्न होऊन आल्यापासून तिचं काही ना काही चालू असायचं. कॉम्प्युटरशेजारच्या खिडकीचा पडदा काढा, म्हणायची. तो पोपटी पडदा मी उरलेल्या कापडातून स्वतः शिवलेला. त्याचा उजेड स्क्रीनवर पडतो आणि रंग फसवतात, म्हणे. काउंटरवरचा पिवळा बल्ब काढा, म्हणे. कॉम्प्युटरला दर वेळी कागद कोणता आहे ते सांगावं लागतं, म्हणे. मी विचारलं, कागद काय पाहुणा आहे, ओळख करून द्यायला? एका कापड दुकानाच्या कॅलेंडरवर लक्ष्मीचा चेहरा हिरवट उतरला, तेव्हा ती म्हणाली पुन्हा छापू. मी दुकानदाराला सांगितलं, समुद्रातून नुकतीच वर आलीय, अंग सुकायचंय. तो नमस्कार करून घेऊन गेला.

आणि एकदा भाकऱ्या थापताना ती म्हणाली होती, "आत्याबाई, गडद लाल मागितला की मशीन आपल्या मनाने त्यात काळं घालतं."

मी म्हटलं होतं, "मशीनला मन नसतं. सुनांना असतं."

माझी समजूत साधी होती. काळं कार्ट्रिज आहे ते बिलांसाठी आणि दहाव्याच्या पत्रांसाठी. आपण काळं मागत नाही तोवर ते गप्प बसणार. घरातली आगाऊ भावजय जशी न विचारता प्रत्येक आमटीत हात घालते, तसं हे प्रत्येक रंगात हात घालत असेल, हे माझ्या मनात कशाला येईल?

आता मात्र मी हुकूम सोडला. काळं कार्ट्रिज उपसून बाहेर ठेवा.

दिगंबरने उपसलं. प्रिंटरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बटण दाबलं, नाही. बंद करून चालू केला, नाही. एकाला काढलं तर बाकीचे तिघे संपावर. दिगंबर म्हणाला, आई, चारी असल्याशिवाय हे चालत नाही.

"मग चारी ठेव," मी म्हटलं. "पण काळ्याच्या पोटात काळं कशाला पाहिजे?"

रिकामी कार्ट्रिजं सुईने भरायची आम्हाला सवय होतीच. मी एक रिकामं काळं कार्ट्रिज धुऊन घेतलं आणि त्यात लाल शाई भरायला लावली. मशीनला वाटेल काळं टाकतोय, पडेल लाल. दिगंबरसुद्धा म्हणाला, डोकं चालतं हं आई तुझं. मी वृषालीकडे बघितलंही नाही. बघण्यासारखं काही वाटलं नाही.

पहिली पत्रिका बाहेर आली. डाळिंबी मखर मिरचीसारखं पेटलं होतं. उंदीर रंगपंचमी खेळून आला होता. आणि गणपतीचे डोळे. जे जे काळं होतं ते ते लाल झालेलं, त्यात बुबुळंही आली. तीन रात्री जागरण करून कुणाला तरी मारायला निघालेले गजानन.

दिगंबर दारापर्यंत तोंड दाबून गेला, पुढचं रस्त्यावर हसला. वृषालीने पत्रिका उचलली, माझ्यापुढे नीट सरळ ठेवली आणि म्हणाली, "देव रागावलेत, आत्याबाई."

तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही. चांगल्या घरची मुलगी.

मी पदर खोचला. म्हटलं, "विहीणबाईंचा मान आहे. त्यांच्यासाठी म्हणून तुला काय करायचं ते कर. मी तुझं ऐकतेय असं मनात आणू नकोस."

"नाही आणत," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा पोपटी पडदाच उतरवला.

मग तिचं सुरू झालं. स्क्रीन पुसला. त्याचा उजेड इतका कमी केला की मला वाटलं बिघडवला. स्क्रीनवर कोरी जागा दाखवली, शेजारी आपलं जाड सायीच्या रंगाचं कार्ड धरलं, आणि दोन्ही सारखी दिसेपर्यंत बटणं दाबत राहिली. मग कॉम्प्युटरला कागदाची ओळख करून दिली. सायीच्या कागदावर पडलेली शाई आणि पांढऱ्याशुभ्र कागदावर पडलेली शाई, दोघी बहिणी पण तोंडं वेगळी, असं काहीतरी तिचं म्हणणं होतं. शेवटी काळ्याचा वाटा काढून टाकला आणि त्याच्या जागी निळा आणि गुलाबी थोडाथोडा वाढवला.

"काळ्याने रंग गडद होतो, तसा निळ्यानेही होतो," ती म्हणाली. "काळ्याने झटकन होतो, एवढंच. मशीन आळशी असतं."

मी विचारलं, मग स्क्रीनवर आता इतका सुरेख लाल दिसतोय, तो छापून टाक की. ती म्हणाली तो उतरणार नाही. स्क्रीनवर रंग उजेडाचा असतो, कागदावर शाईचा. तिकडे दिसतं ते सगळंच इकडे येत नाही.

"स्थळाच्या फोटोसारखं," मी म्हटलं.

ती हसली. हसताना माझ्याकडे बघून हसली, हे मी नोंदवून ठेवलं.

मग तिने एका कार्डावर लाल चौकोनांच्या ओळी छापल्या. प्रत्येकात निळा जरा कमी, जरा जास्त. मला ते सगळे एकाच आईची लेकरं दिसत होते. पण इतकी वर्षं लाल रंगात काढलेली बाई मी, मी काय सुनेला विचारणार? जुनी पत्रिका आणि चौकोनांचं कार्ड घेऊन काउंटरवरच्या बल्बखाली गेले आणि बोट ठेवलं. "हा. डोळे झाकून हा."

"उंबऱ्यापर्यंत नेऊन बघू या?"

नेलं. बाहेर सावलीत, दिवसाच्या उजेडात, जुनी पत्रिका डाळिंबी होती आणि मी निवडलेला चौकोन सरळ सरळ काथ. विडा रंगवावा असा काथ.

"इतक्यात विटला," मी म्हटलं. "ऊन फार कडक आहे."

"हो ना," वृषाली म्हणाली, आणि आत जाऊन पिवळा बल्ब पिळून काढला. मी बघत होते. काढू दिला. विहीणबाईंचा मान होता ना.

दोन चौकोन पुढचा तिने धरला. ओला होता तेव्हा जांभळट दिसला, मी नाक मुरडलं. ती म्हणाली सुकू द्या, शाई सुकताना रंग बसतो. सुकला. उंबऱ्यावर जुन्या पत्रिकेशेजारी ठेवला, आणि मी दोनदा विचारलं यातला नवा कोणता. मग तिने गणपतीची बुबुळंसुद्धा त्या तीन रंगांतूनच बांधली. अगदी काळी नाहीत, गडद करवंदी. देव शांत झाले. उंदीर धुतल्यासारखा. भिंगाखाली सगळीकडे गुलाबी, पिवळे, निळे. मोहरीचा दाणा नाही.

शुक्रवारी विहीणबाई आल्या. पिशवीतून यावेळी भिंगाबरोबर फेट्याच्या कापडाचा तुकडाही निघाला. बाकावर तेच जोडपं बसलेलं. ते मी निरोप धाडून बोलावलं होतं, हे बाईंना कळायचं कारण नव्हतं.

मी खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. बाईंनी भिंगाखाली पत्रिका घातली. गणपतीपासून निघाल्या, मखर, वेलबुट्टी, मुहूर्त, मामा. दोन्ही कडांना गेल्या. पाठही उलटून बघितली, पाठीवर काही छापलेलं नव्हतं तरी. मग कापड लावून बघितलं. मी म्हटलं, इथे नको, उंबऱ्यावर चला, आतल्या उजेडावर भरवसा ठेवू नये. वृषालीच्या हातातली कात्री थांबली.

उंबऱ्यावर बाईंनी कापड पत्रिकेवर टाकलं आणि डोळे बारीक केले. फेटा कुठे संपतो आणि मखर कुठे सुरू होतं ते बोटाने चाचपावं लागलं.

"रंग तोच आहे," म्हणाल्या.

"आणि काळं?"

"नाही."

"काय म्हणालात? ट्रक गेला, ऐकू आलं नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग बाकाकडे बघितलं. "काळं नाही," त्यांनी मोठ्याने सांगितलं. "थेंबही नाही."

जोडप्याने तिथल्या तिथे नमुना पक्का केला. बाई पत्रिकांचा गठ्ठा कुंकू लावून घेऊन तुळजापूरला गेल्या.

लग्न झालं. फेटा आणि पत्रिका शेजारी शेजारी बघून लातूरच्या बायका कुजबुजल्या, ते मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. विहिणींच्या पंगतीला मी इंदुमतीबाईंच्या शेजारी बसले. मुलीच्या आईने विहिणीला घास भरवायचा असतो. मी जिलबीचा मोडून लहान तुकडा केला नाही, अख्खी जिलबी पुढे केली. बाईंनी ती शांतपणे चावून संपवली, पाक पुसला, आणि मग माझ्या कानाशी आल्या.

"एक सांगू विहीणबाई? राग मानू नका. ते ठिपके मी शोधले नव्हते."

"बरं."

"तुमच्या सुनेचा फोन आला होता. म्हणाली, मावशी, आमच्या पत्रिकेत काळं आहे, मी घरात सांगून थकले, माझं कोणी ऐकत नाही. उद्या बाहेरच्या गिऱ्हाइकाने धरलं तर पाटी जाईल. त्याआधी तुम्ही धरा. भिंगातून कसं बघायचं तेही तिनेच सांगितलं." बाई मागे सरकून माझं तोंड न्याहाळायला लागल्या. सुपारीच्या दिवसापासून वाट बघत असाव्यात या क्षणाची.

मी त्यांच्या पानात भात वाढला. वर तूप घातलं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"तुम्ही चौथा काळा म्हणालात तेव्हापासून. विहीणबाई, पत्रिका घरी आली की तुम्ही तारीख बघता आणि नावात कोण राहिलं ते बघता. ठिपके मोजणारं माणूस माझ्या घरात एकच आहे, आणि ते त्या वेळी रिमांमागे लपलं होतं."

बाईंचा हात भातावरच राहिला. "मग बोलला नाहीत? माझी सून असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं."

"आणि मग? ती खरं बोलत होती, ते मी कुठे ठेवलं असतं? पडदा काढ, बल्ब काढ, तुला कळतं तसं कर, हे सुनेला कुठल्या तोंडाने सांगायचं? इतके दिवस नाही म्हणत आलेली मी." मी त्यांच्या पानात आणखी एक जिलबी ठेवली. "तुमच्यापुढे वाकायला मला काय लागलं? मुलीची आई विहिणीपुढे वाकतेच. त्यात कोणी मला हरली म्हणत नाही. तुम्ही लातूरहून माझा मान राखायला आलात आणि तुम्हाला वाटलं घालवायला आलात."

बाईंच्या खांद्यात काहीतरी हललं, आणि कळलं की त्या हसताहेत. पहिल्यांदाच बघितलं मी त्यांना हसताना. सासू-सुनेने मिळून मला गाढव बनवलं, म्हणाल्या, वर एस.टी.चं भाडंही माझं मी दिलं.

"पण त्या आधीच्या पत्रिकांचं काय?" त्यांनी विचारलं. "वर्षभर काळं घालून छापलेल्या?"

"सगळ्यांची चौकशी केली. एका घरी जुळं झालं, एकाची बदली हव्या त्या गावी झाली, एकीची सासू तिला आता उलट उत्तर करू देते. काळं मानवलं त्यांना."

समोरून वृषाली पंगतीत मठ्ठा वाढत येत होती. नऊवारीत तिचं पाऊल अडखळत होतं, लक्ष मात्र आम्हा दोघींवर. आम्ही इतक्या जवळ बसून हसतोय, हे तिला पचत नव्हतं. बाईंनी तोंड उघडलं, तशी मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला.

"तिला सांगू नका," मी म्हटलं. "तिला वाटू दे मला फसवलं. तेवढ्या एका आनंदावर ती माझं प्रेस चालवेल."

वृषाली आली. वाटीत मठ्ठा ओतला आणि घाबरतच विचारलं, "काय चाललंय दोघींचं?"

"तुझी चुगली," मी म्हटलं.

ती मोकळी होऊन हसली. सासूला मस्करी करता येते, असं तिला वाटलं असणार.